मॅच लाईव्ह दाखवली तर गेट रिकामं राहतं का?



या विषयावरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल तर उत्तम, नसेल पाहिला तरी चालेल. व्हिडिओत वेळेअभावी आकडे आणि हिशोब घाईत सांगावे लागले. इथे ते निवांत बघू.

प्रश्न साधा आहे आणि स्पर्धा भरवणारे आयोजक, टर्फ चालवणारे, क्लास घेणारे, नाटकवाले, सगळे तो विचारतात. "सर, आम्ही मॅच यूट्यूबवर लाईव्ह टाकली तर लोक घरीच बसून बघतील. मग तिकीट कोण काढणार? चहा-वडापावच्या स्टॉलवाल्यानं काय करायचं?"

भीती खोटी नाही. गेटवर जमलेल्या पैशातून मैदानाचं भाडं, पंचांचं मानधन, बक्षिसाची रक्कम निघते. तिथे पंधरा टक्के घट आली तरी आयोजकाच्या खिशातून पैसे जातात. म्हणून "आजकाल सगळं ऑनलाईनच आहे, तुम्हीही टाका" असला सल्ला मी देणार नाही. ज्या धंद्यात हा वाद साठ वर्षांहून जास्त काळ चाललाय आणि ज्याचे आकडे नोंदवलेले आहेत, तिथे काय घडलं ते आधी बघू. तो धंदा म्हणजे इंग्लंडचं फुटबॉल.

एका मटण दुकानदाराची भीती

इंग्लंडमध्ये आजही एक नियम आहे. शनिवारी दुपारी २:४५ ते संध्याकाळी ५:१५ या वेळेत फुटबॉलची मॅच देशात टीव्हीवर किंवा मोबाईलवर लाईव्ह दाखवायची नाही. तीन वाजता मॅच सुरू होण्याची तिथली जुनी परंपरा, म्हणून ही वेळ. गंमत बघा, तीच मॅच भारतात बसून आपण लाईव्ह बघू शकतो, पण त्या स्टेडियमपासून दोन किलोमीटरवर राहणारा माणूस घरी बघू शकत नाही.

या नियमामागे ज्यांचं नाव हमखास घेतलं जातं ते म्हणजे बॉब लॉर्ड. बर्नली या छोट्या गावातल्या क्लबचे ते चेअरमन, आणि मूळ धंदा मटणाच्या दुकानांचा. म्हणजे गल्ल्यावर बसलेला, रोजची विक्री मोजणारा माणूस. त्यांचं म्हणणं सरळ होतं : टीव्हीवर मोठ्या क्लबची मॅच फुकट दिसली तर छोट्या गावातला माणूस आपल्या मैदानावर येणार नाही. १९६४ मध्ये बीबीसीनं 'मॅच ऑफ द डे' हा संध्याकाळी मॅचची क्षणचित्रं दाखवणारा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा लॉर्ड यांनी काही वर्षं कॅमेरे आपल्या मैदानात येऊच दिले नाहीत.

त्याआधी एकदा प्रयोग झाला होता. १० सप्टेंबर १९६० ला ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन ही लीगची मॅच टीव्हीवर लाईव्ह दाखवली गेली. मात्र पुढच्या मॅचसाठी आर्सेनल आणि टॉटनहॅम यांनी कॅमेऱ्याला नकार दिला आणि योजना तिथेच बारगळली. त्यानंतर लीगची मॅच लाईव्ह दिसायला थेट २ ऑक्टोबर १९८३ उजाडावा लागला. तेवीस वर्षं शटर बंद!

आता धंदेवाईक माणसानं विचारायचा प्रश्न हा, की शटर बंद ठेवून गर्दी वाचली का?

आकडे काय सांगतात

१९४८-४९ च्या हंगामात इंग्लंडच्या लीग मॅचना मिळून सुमारे ४ कोटी १२ लाख प्रेक्षक आले होते. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, करमणुकीची साधनं कमी, लोक मैदानाकडे लोटत होते. हा आजवरचा उच्चांक.

मग गर्दी उतरत गेली. १९८३ पर्यंत, म्हणजे लीगची मॅच लाईव्ह दिसतच नव्हती त्या काळात, आकडा दोन कोटींच्या खाली आला. १९८५-८६ मध्ये तर तो सुमारे १ कोटी ६५ लाखांवर पोचला.

मग १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली. स्काय आणि बीबीसीनं पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाख पौंडांचा करार केला. आठवड्याला मॅच लाईव्ह दिसू लागल्या. आणि गर्दी? वाढली. पुढच्या दीड दशकात चारही डिव्हिजन मिळून ती पुन्हा ३ कोटींच्या घरात गेली.

म्हणजे लाईव्ह बंद होतं तेव्हा गर्दी घसरली आणि लाईव्ह भरपूर दिसू लागलं तेव्हा वाढली. पण थांबा, लगेच उड्या मारू नका. "टीव्हीमुळे गर्दी वाढली" असं यातून सिद्ध होत नाही. मधल्या काळात बरंच काही घडलं होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात मैदानं मोडकळीला आली होती, प्रेक्षकांच्या मारामाऱ्या नेहमीच्या झाल्या होत्या, बायका-मुलांना घेऊन जायची सोय नव्हती. घरोघरी गाडी आणि टीव्ही आले, शनिवारची दुपार घालवायचे दुसरे मार्ग सापडले. १९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी होऊन अखेर ९७ जणांचा बळी गेला. त्यानंतर आलेल्या टेलर अहवालानं वरच्या डिव्हिजनमधल्या मैदानांना प्रत्येक प्रेक्षकासाठी खुर्ची सक्तीची केली. नवी स्टँड उभी राहिली, संडास सुधारले, लोक कुटुंबासह येऊ लागले.

या आकड्यांतून एक गोष्ट मात्र नक्की कळते. कॅमेरा बाहेर ठेवला म्हणून गर्दी टिकत नाही. दुकानात घाण असेल, भांडणं होत असतील, तर दुकानाचा फोटो इंटरनेटवर टाकला नाही म्हणून गिऱ्हाईक येत राहील का? तसंच हे.

शेजारचं उदाहरण : जर्मनी

इंग्लंडसारखी शनिवारची बंदी जर्मनीत नाही. तिथली बुंडेसलीगा ही वरच्या स्तराची स्पर्धा. २००० च्या सुमारासपासून तिच्या सगळ्या मॅच पैसे भरून टीव्हीवर लाईव्ह बघता येतात. बॉब लॉर्ड यांचं गणित बरोबर असतं, तर तिथली मैदानं ओस पडायला हवी होती. प्रत्यक्षात बुंडेसलीगाची सरासरी उपस्थिती मॅचमागे चाळीस हजारांच्या आसपास असते आणि युरोपातल्या सर्वाधिक गर्दीच्या लीगमध्ये तिची गणना होते. डॉर्टमुंडच्या स्टेडियमची क्षमता ८१ हजारांच्या पुढे आहे. त्यातल्या एका उभ्यानं मॅच बघायच्या स्टँडमध्येच जवळपास २५ हजार लोक मावतात, आणि तो स्टँड गच्च भरतो.

का भरतो? कारण तिकडे उभं राहायचं तिकीट स्वस्त ठेवलंय आणि त्या स्टँडमध्ये उभं राहणं हाच एक अनुभव आहे. पंचवीस हजार माणसं एका सुरात गातात ते मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू येईल, पण त्यातला एक होता येणार नाही.

मग भीती पूर्ण खोटी का? नाही

इथे बरेच ट्रेनर थांबतात आणि म्हणतात, "बघा, काही फरक पडत नाही!" मी तसं म्हणणार नाही, कारण फरक पडल्याचे अभ्यासही आहेत. फरक कुठे पडतो आणि कुठे नाही, ते नीट समजून घ्या. तुमच्या धंद्याला खरा उपयोग याचाच आहे.

पहिली गोष्ट, वार. प्रीमियर लीगच्या सुरुवातीच्या काळावरचा एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. सोमवारी रात्री लाईव्ह दाखवलेल्या मॅचची उपस्थिती सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरली. रविवारी दाखवलेल्या मॅचवर मात्र दखल घेण्याजोगा परिणाम दिसला नाही. विचार करा, सोमवारी माणूस कामावरून दमून आलाय, उद्या पुन्हा कामावर जायचंय. त्याला घरी बसायला निमित्त हवंच होतं, ते टीव्हीनं दिलं. रविवारी त्याला घराबाहेर पडायचंच होतं.

दुसरी गोष्ट, आपली मॅच की दुसऱ्याची. डेव्हिड फॉरेस्ट आणि रॉबर्ट सिमन्स या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये खालच्या डिव्हिजनमधल्या मॅचचा अभ्यास मांडला. आठवड्याच्या मधल्या दिवशी टीव्हीवर चॅम्पियन्स लीगची मोठी मॅच फुकट दिसत असेल, तर त्याच रात्री खालच्या डिव्हिजनच्या मैदानावर गर्दी कमी होते, असं त्यांना दिसलं. म्हणजे बॉब लॉर्ड यांची भीती इथे खरी ठरते. छोट्याला फटका बसतो तो त्याच वेळी चालू असलेल्या मोठ्याच्या खेळाचा.

तिसरी गोष्ट, पैसे. याच दोघांनी स्टीफन शिमान्स्की यांच्यासोबत २००४ मध्ये दाखवलं, की प्रीमियर लीगमध्ये टीव्हीमुळे गेटवर होणारं नुकसान लहान होतं आणि प्रक्षेपणातून क्लबांना मिळणारी रक्कम त्याहून बरीच मोठी होती. मोठ्यांसाठी सौदा फायद्याचा होता. पण ज्याच्या वाट्याला प्रक्षेपणाचे पैसे फारसे येत नाहीत, त्या छोट्यासाठी हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही, हे लक्षात ठेवा.

थोडक्यात, यायचं पक्कं असलेला माणूस येतोच. यायचं शक्यच नसलेला माणूस, म्हणजे गाव सोडून गेलेला, आजारी, रात्रपाळीवाला, तो फक्त स्ट्रीमिंगमुळे तुमच्याशी जोडलेला राहतो. प्रश्न आहे तो काठावरच्या माणसाचा. पाऊस, आडवार, लांबचं मैदान, पार्किंगची बोंब, यातलं एखादं कारण त्याच्याकडे आधीच असतं. स्ट्रीमिंग त्याचा निर्णय फिरवतं.

टीव्हीवरून मोबाईलवर आल्यावर

"सर, हे सगळं टीव्हीचं झालं. आता तर खिशात फोन आहे." बरोबर. तोही प्रयोग इंग्लंडमध्ये झालाय.

खालच्या तीन डिव्हिजन चालवणाऱ्या इंग्लिश फुटबॉल लीगनं क्लबांसाठी 'आयफॉलो' नावाची स्ट्रीमिंग सेवा आणली. सुरुवातीला मुख्य गिऱ्हाईक परदेशातले चाहते होते. पुढे आठवड्याच्या मधल्या दिवशीच्या काही मॅच देशातही साधारण १० पौंडांत बघता येऊ लागल्या. हा दर मुद्दाम लक्षात घ्या. स्ट्रीम फुकट नव्हता, तिकिटापेक्षा स्वस्त होता, पण इतकाही स्वस्त नव्हता की माणसानं सहज मैदान सोडावं. आणि शनिवार दुपारची मुख्य वेळ देशात बंदच ठेवली होती.

मग कोविड आला. २०२० च्या जूनमध्ये प्रीमियर लीग रिकाम्या मैदानात पुन्हा सुरू झाली आणि शनिवारची बंदीही तात्पुरती उठली. सगळ्या मॅच घरबसल्या बघायची सवय लोकांना लागली. त्या ऑक्टोबरमध्ये काही मॅचसाठी जादा १४.९५ पौंड आकारायचं ठरलं. चाहते इतके भडकले की तेवढे पैसे त्यांनी गरिबांना धान्य देणाऱ्या फूड बँकांना दान केले आणि मॅच बघितलीच नाही. पुढच्याच महिन्यात योजना गुंडाळावी लागली. दर चुकला की निष्ठावान गिऱ्हाईकही उलटतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण खरी परीक्षा पुढे होती. दीड वर्ष घरी बसून बघायची सवय लागल्यावर लोक मैदानात परततील का? २०२१ मध्ये दारं पूर्ण उघडली आणि प्रीमियर लीगची मैदानं जवळजवळ पूर्ण भरू लागली. सरासरी पुन्हा चाळीस हजारांच्या आसपास. सक्तीनं लागलेली सवयसुद्धा मैदानाची ओढ मोडू शकली नाही.

२०२४-२५ पासून खालच्या डिव्हिजननी पुढचं पाऊल टाकलं. स्कायशी पाच वर्षांचा ९३ कोटी ५० लाख पौंडांचा करार, आणि दर हंगामात हजाराहून जास्त मॅच लाईव्ह. तरीही शनिवार दुपारची ती जुनी खिडकी त्यांनी बंदच ठेवली. घाबरून सगळं बंद नाही आणि उत्साहात सगळं उघडंही नाही. गर्दीची वेळ राखली आणि बाकीची वेळ विकली.

मुंबईत एका व्हिडिओनं स्टेडियम भरलं

आता आपल्याकडे येऊ. १ जून २०१८, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना. भारत विरुद्ध चायनीज तैपेई. भारतानं ५-० नं मॅच जिंकली, कर्णधार सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली. बघायला किती लोक? अडीच हजारांच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी छेत्रीनं ट्विटरवर एक छोटा व्हिडिओ टाकला. ना स्टुडिओ, ना पार्श्वसंगीत. त्यानं हात जोडून विनंती केली. टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. विराट कोहली आणि सचिन तेंडुलकर यांनी त्याला पाठिंबा दिला. ४ जूनला केनियाविरुद्धची मॅच होती, छेत्रीची शंभरावी. तिकिटं संपली. त्या दिवशी मुंबईत पाऊस होता, तरी स्टँड भरलेले होते.

दोन्ही मॅच टीव्हीवर लाईव्ह होत्या. लाईव्ह असणं हे रिकाम्या खुर्च्यांचं कारण असतं, तर ४ जूनलाही खुर्च्या रिकाम्याच राहिल्या असत्या. तीन दिवसांत बदललं काय? लोकांना मॅच आहे हे कळलं, आपण यावं अशी कुणीतरी मनापासून विनंती केली, आणि शंभरावी मॅच हे येण्याचं कारण मिळालं. ज्या मोबाईलला आपण घाबरतो, त्याच मोबाईलनं गर्दी आणली.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर असतील, तर पेठेतला माणूस मोबाईलवर बघून गप्प बसणार आहे होय? त्याला तिथे असायचं असतं, कारण दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर "मी होतो तिथं" असं सांगायचं असतं. अशी ईर्ष्या जिथे आहे तिथे स्ट्रीमिंगची भीती कमी. जिथे ती नाही, तिथे आधी ती तयार करायला हवी.

तुमच्या स्पर्धेचा हिशोब

आता वही-पेन घ्या. खालचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

धरून चला, फायनलला १,००० लोक येतात. तिकीट १०० रुपये. आतल्या स्टॉलवरून माणशी सरासरी ४० रुपये तुमच्याकडे येतात. म्हणजे गेटमधून आत आलेला एक माणूस तुम्हाला १४० रुपयांचा.

स्ट्रीमिंगचा खर्च, म्हणजे कॅमेरा, इंटरनेट, निवेदक मिळून १५,००० रुपये. स्क्रीनवर नाव दाखवायला गावातला एक प्रायोजक २५,००० देतो. उरले १०,०००.

१०,००० भागिले १४० केले तर येतात साधारण ७१. म्हणजे स्ट्रीमिंगमुळे ७१ माणसं कमी आली तर तुम्ही ना नफा ना तोटा. त्याहून कमी घटली तर फायदा. पण सोमवारच्या त्या अभ्यासासारखी १५ टक्के, म्हणजे १५० माणसं घटली, तर २१,००० गेले आणि तुम्ही ११,००० नी तोट्यात.

बघा, "स्ट्रीमिंग चांगलं की वाईट" याचं उत्तर आता एका आकड्यावर आलं. तुमचा तो आकडा ७१ आहे, २०० आहे की २० आहे, एवढं काढा. प्रायोजक ठरायच्या आधी काढा, म्हणजे त्याच्याकडे किती मागायचे तेही कळेल.

एक धोका इथे लपलेला आहे. स्टॉल तुम्ही ठरावीक भाड्यानं दिले असतील, तर गर्दी घटल्याचा तोटा आज तुम्हाला दिसणार नाही, स्टॉलवाल्याला दिसेल. पुढच्या वर्षी तो भाडं पाडून मागेल. त्याचाही हिशोब धरा.

अंदाजानं नको, मोजून ठरवा

बहुतेक आयोजक एक चूक करतात. फायनल लाईव्ह केली, गर्दी तुफान, म्हणून "स्ट्रीमिंगनं फायदा झाला". साखळीतली मॅच लाईव्ह केली, गर्दी नाही, म्हणून "स्ट्रीमिंगनं मारलं". अहो, फायनलला गर्दी होणारच होती!

तुलना सारख्याशी सारख्याची करा.

१. साखळी फेरीतल्या आठ मॅच निवडा. वार, वेळ आणि संघांचा तोल शक्यतो सारखा. चार लाईव्ह दाखवा, चार नाही.

२. विकलेली तिकिटं आणि आत आलेली माणसं वेगवेगळी मोजा. पास वाटलेले असतील, तर तिकिटाचा आकडा फसवतो. मध्यंतराला एका पोराला स्टँड मोजायला सांगा.

३. गेटवर दहा-वीस जणांना विचारा, "मॅचबद्दल कुठून कळलं?" मागच्या मॅचचं लाईव्ह बघून आलेले किती, ते लिहून ठेवा. ही माणसं स्ट्रीमिंगनं आणलेली आहेत आणि त्यांची नोंद कुणीच ठेवत नाही.

४. यूट्यूबच्या ॲनालिटिक्समध्ये प्रेक्षक कुठल्या भागातून बघतात ते दिसतं. बरेचसे बाहेरगावचे असतील तर ते तसेही गेटवर येणार नव्हते. बहुतेक तुमच्याच गावातले असतील, तर सावध व्हा.

५. पाऊस, लग्नतिथी, परीक्षा आणि विशेषतः त्या वेळी टीव्हीवर आयपीएल किंवा भारताची मॅच होती का, हे शेजारी लिहा. नाहीतर दोष भलत्यालाच द्याल.

आठ मॅचमध्ये काही पक्का सिद्धांत निघत नाही, पण गल्ल्यावर बसून केलेल्या अंदाजापेक्षा हे कितीतरी बरं.

लाईव्ह करायचंच ठरलं तर

मोठ्या मॅचच्या वेळेशी टक्कर घेऊ नका. आयपीएलच्या रात्री तुमची सेमीफायनल ठेवली आणि गर्दी आली नाही, तर तो दोष तुमच्या कॅमेऱ्याचा नाही, तुमच्या वेळापत्रकाचा आहे.

तुमची एक "शनिवार दुपार" राखून ठेवा. गावातल्या गावात अटीतटीच्या, हमखास गर्दीच्या दोन-तीन मॅच लाईव्ह करू नका, त्यांची क्षणचित्रं रात्री टाका. लांबच्या संघांच्या किंवा आडवारच्या मॅच लाईव्ह ठेवा. पण आडवारी काठावरचा माणूस घरी बसतो हे आपण पाहिलं, म्हणून त्या मॅचना प्रायोजक आधी पक्का करा.

कॅमेरा भरलेल्या बाजूकडे लावा. रिकामे स्टँड दिसले की घरी बसलेल्याला वाटतं, बरं झालं गेलो नाही. भरलेले दिसले की वाटतं, आपणही जायला हवं होतं.

निवेदकाला सांगून ठेवा, दर दहा मिनिटांनी पुढच्या मॅचचा वार, वेळ आणि तिकीट कुठे मिळेल ते बोलायचं. लाईव्ह ही तुमच्या पुढच्या मॅचची जाहिरात आहे, तिचा वापर करा.

आणि सर्वात महत्त्वाचं, गेटमधून आत येणाऱ्याला घरी बसणाऱ्यापेक्षा काय जास्त मिळतं? सावली, स्वच्छ संडास, बायकांसाठी नीट बसायची जागा, पार्किंग, मॅच संपल्यावर खेळाडूंना भेटायची सोय. इंग्लंडमध्ये गर्दी परत आली तेव्हा मैदानं सुधारलेली होती, हे विसरू नका. तेवढे पैसे खर्च करायची तयारी नसेल, तर स्ट्रीमिंग बंद ठेवूनही गर्दी हळूहळू जाणारच आहे.

बॉब लॉर्ड मूर्ख नव्हते, मित्रांनो. गल्ला सांभाळणारा माणूस घाबरतो, ते स्वाभाविक आहे. त्यांची एक गोष्ट बरोबरही होती, की मोठ्याच्या खेळामुळे छोट्याची गर्दी फुटते. पण त्यावर त्यांनी कॅमेरा बंद ठेवायचा उपाय केला, आणि त्या उपायानं घसरण थांबली नाही. तुम्ही आधी तुमचा ७१ चा आकडा काढा, मोजा, आणि मगच 'गो लाईव्ह' दाबायचं की नाही ते ठरवा.

तुमच्या स्पर्धेचा, क्लासचा किंवा नाटकाचा हिशोब करून बघा आणि आकडा किती आला ते व्हिडिओखाली नक्की लिहा. त्यातले दोन-तीन हिशोब घेऊन पुढच्या भागात आपण ते ओळीनं सोडवू.